पप्पांची मान

माझं लग्न दीडशे माणसांत झालं, म्हणून लोक आमच्या साधेपणाचं कौतुक करतात. खरं कौतुक पप्पांच्या चक्करेच्या गोळ्यांचं करायला हवं. वर्षभर त्या घेऊन त्यांची मान आपोआप नाही-नाही अशी हलायला लागली होती. आम्हाला वाटायचं, वय झालं.

लग्नाच्या बैठकीला कळवणहून मुलाचे मामा आले. म्हणाले, "दोन्हीकडचं मिळून हजार माणूस येईल."

पप्पांनी अंबडच्या कंपनीत तीस वर्षं ओव्हरटाइमलासुद्धा कधी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "चालेल की." मान मात्र नाही म्हणत होती.

मामा मानेकडे बघत राहिले. "बरं, पाचशे."

"चालेल." मान तशीच.

मामांनी पाणी मागितलं. "पाहुणे, दीडशेच्या खाली गेलो तर गावात तोंड दाखवता येणार नाही हो."

आईने लगेच सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "हे त्या गोळ्यांमुळे होतंय. आजपासून बंद करू."

आई म्हणाली, "धाकटीची बैठक होईपर्यंत चालू ठेवल्या तर?"

पप्पा म्हणाले, "चालेल."

डॉक्टरांनीही मानेचंच ऐकलं.