नागेशचे कान

...अन् वरनं आमालाच विचारतोय, तुमाला फरक कळत न्हाई का! अहो, जेवायलो आमी! सोनपेठला लग्नात वाजवून दमून पंगतीत बसलेलो, पहिला घास तोंडात, अन् हा नागेश शेजारी बसून गिटारीच्या लाकडाबद्दल बोलायलाय. तुमाला सांगतो, चार वर्षं. चार वर्षं एका गाडीत बसून ऐकलं मी हे. आमची ऑर्केस्ट्रा पार्टी सेलूची. दत्तराव मालक, तेच गाणारे, सत्यशीलाताई गाणाऱ्या, मी महारुद्र की-बोर्डवर, गिटारीवर हा नागेश, अन् ढोलकी-साऊंड-गाडी बघणारे आणखी तिघं. गिटार कोणती? परभणीत घेतलेली, जुनी, नाव खोडलेली, दोन ठिकाणी चिकटपट्टी मारलेली. पण तोंडात? तोंडात सगळी विलायत.

कारण काय, तर एकदा सिकंदराबादला आत्याकडं गेला, तिथं एका मोठ्या दुकानात ह्याला तीन खऱ्या गिटारी हातात धरायला भेटल्या. स्ट्रॅट, टेली अन् लेस पॉल. तिन्ही वाजवल्या, पुन्ना पहिलीपसून वाजवल्या, शेवटी दुकानदार म्हणला, ‘भाई, लेना है तो बोलो, नहीं तो रख दो.’ ठेवल्या. पण ठेवल्या कुठं, तर आमच्या डोक्यावर! स्ट्रॅट म्हणे तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी, चुर्र, अन् लगेच मोकळी. टेली म्हणे कुंपणाच्या तारेवर काठी ओढावी तशी, तुमी चुकलाव तर चुकलेलंच ऐकवणार, झाकून घेणार न्हाई. अन् लेस पॉल... लेस पॉलचं नाव निघालं की हा डोळेच मिटायचा. आटवलेलं दूध म्हणे, सूर एकदा सोडला की वेशीपोत्तर जातो. अन् मान! गिटारीलाबी मान असती, तारा दाबायची दांडी, तुमाला मालूम न्हाई, आमालाबी न्हवतं. स्ट्रॅटची सडपातळ, लेस पॉलची भरलेली, अंगठा टेकवला की हात घरी आल्यासारखा वाटतो म्हणे. अरे, एवढं तर सोयरीक जमवताना कोणी बघत न्हाई!

आमी म्हणायचो, बाबा, आमाला तर सगळ्या सारख्याच ऐकू येतेत. तर ह्याचं उत्तर ठरलेलं. बोट वर, भुवई वर, अन् नाकातनं, ‘त्याला कान लागतेत.’

कोणाला म्हणतोय? दत्तरावांना, मालकाला! सत्यशीलाताईला, ज्या बाईनं वीस वर्षं माईक सोडला न्हाई तिला! अन् मला तर रोजच. माझ्या की-बोर्डात बासरी हाय, सनई हाय, सतार हाय, गिटारीच बारा हायत, नंबर दाबला की हजर. तर हा म्हणायचा, भाऊ, ते प्लॅस्टिक हाय, त्यात लाकूड बोलत न्हाई. राग आला न्हाई म्हणलं तर खोटं होईल. लय राग यायचा.

मग झालं असं, दत्तरावांनी जिंतूरचा एक ऑक्टोपॅडवाला घेतला, विजेच्या ढोलावर काठ्या मारणारा, बन्सीधर नावाचा. आमच्या गाडीत माणसं मावतेत सात, झाले आठ. एक कमी करायचा. कोण? दत्तराव सरळच बोलले, की-बोर्डात गिटार हायच की, दोन-दोन कशाला? नागेश पांढरा पडला बगा. त्याला दुसरं काई न्हाई हो. एरवी जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायचा, पण गल्लीत त्याला कोणी नागेश म्हणत न्हाई, गिटारवाला म्हणतेत, तेवढीच त्याची इज्जत. हात जोडून म्हणला, मालक, माझी साधी असली तरी लाकडाची हाय, की-बोर्डाला तिची सर येत न्हाई, ज्याला कान हायत त्याला लगेच कळतं. अन् तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

मी म्हणलं, ठीक हाय, परीक्षा घेऊ. परभणीला हैदराबादचा एक पावणा आलाय, तुझ्या त्याच तीन गिटारी हायत त्याच्याकडं. इतवारी सकाळी तालमीला आणतो. लाजरा हाय, पडद्यामागनं वाजवंल. नुसतं ऐकून तिन्ही वळखल्यास तर गाडीतली जागा तुझी. दत्तराव म्हणले, कबूल. अन् पावणा कसला हो? पडद्यामागं मीच! की-बोर्ड मांडीवर घेऊन. सगळ्यांना सांगून ठेवलेलं, सगळे तोंडावर रुमाल धरून बसलेले.

नागेश आला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, देवळात आल्यावानी चपला बाहेर काढून. सतरंजीवर बसला, डोळे मिटले. मी नंबर दाबायला बोट उचललं अन् सत्यशीलाताईला काई राहवंना, ‘नागेश, बाळा, जरा ऐक माझं...’ म्हणाली. तर हा डोळे न उघडता म्हणतो, ‘ताई, गप बसा. ह्याला कान लागतेत.’ घ्या! आता ती बाई तरी काय करणार?

पहिली वाजवली. म्हणला, स्ट्रॅट. दुसरी वाजवली. म्हणला, टेली, अन् पावणा नखी लय जाड धरतोय, त्याला सांगा. नखी, तारा छेडायची! की-बोर्डाला कुठली आली नखी? मी आत हसू दाबून दाबून लालबुंद. मग तिसरी. तिसरीचा सूर मी मुद्दाम लांबवला, त्यात काय अवघड हाय, बोट दाबून धरलं की वाजतच राहतंय. अन् फटीतनं बघितलं तर नागेशच्या गालावर पाणी. तुमाला सांगतो, खरं पाणी.

‘हीच ती,’ म्हणला. ‘लाकूड बोलायलंय, मालक. असा वाजवणारा असताना मी कशाला? गाडीतली जागा ह्यांनाच द्या.’

आता ह्याला काय म्हणावं? तिन्हीच्या तिन्ही बरोबर वळखल्या, पैज जिंकला, अन् जिंकलेली जागा स्वतःच देऊन बसला! तेबी कोणाला? अन् दत्तराव तरी काय माणूस, लगेच म्हणले, मंजूर. मी आत खाली मान घालून बसलोय, तोवर हा पावण्याचा हात हातात घ्यायला उठला, अन् त्यानं पडदाच सरकवला.

मी! मांडीवर की-बोर्ड, बोट तसंच दाबलेलं, अन् लेस पॉल वाजायलीच. बोट उचलायचंबी सुचलं न्हाई मला. बन्सीधर सतरंजीवर लोळून हसायला लागला, दत्तरावांचं पोट हलायला लागलं. मला वाटलं, हा आता शिव्या देतो, दोन लगावतो. लगावल्या असत्या तर बरं झालं असतं हो, हिशोब मिटला असता. तर हा खाली बसला, की-बोर्डाच्या त्या नंबर दाखवणाऱ्या बोटभर काचंकडं बघत राहिला अन् हळूच म्हणला, ‘भाऊ, नंबर किती?’

सांगितलं. स्ट्रॅट दोनशे आठ, टेली दोनशे चौदा, लेस पॉल दोनशे एकोणीस. ओठ हलवून पाठ केले त्यानं, चपला घातल्या अन् गेला.

बरं, संपलं म्हणावं, तर कुठलं संपतंय! पुढच्याच लग्नात नवरीचा मामा अडून बसला, फोटोत गिटारवाला पायजे, गिटार न्हाई तर ऑर्केस्ट्रा कसला? दत्तराव गेले नागेशच्या दारात. गिटार गळ्यात घालायची, वायर जोडायची न्हाई, नुसता हात हलवायचा, वाजवंल महारुद्र. मला वाटलं, हाकलून देतो. तर हो म्हणला! अन् गाडीत मावले की आठ जण, आरामात मावले. आता तो पुढं उभा राहून असा काई हात हलवतो, लोक त्याचेच व्हिडिओ काढतेत, अन् वाजवणारा मी स्पीकरच्या मागं, मला नवरदेवबी वळखत न्हाई. पण गाडीत एक शब्द न्हाई त्याचा. कोणी काई विचारलं तर खिडकीतनं बाहेर बघतो. कान लागतेत म्हणत न्हाई, काईच म्हणत न्हाई.

मलाच करमंना हो. परवा वाटंत मीच शेजारी सरकलो, आवाज जरा मऊ केला अन् विचारलं, नागेश, ती टेली कशी वाजती म्हणायचास रे तू?

‘दोनशे चौदा,’ म्हणला.

नंबर बरोबर होता.