‘चंचल’ बुडाली नव्हती

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य माननीय गौतमजी रहाटे साहेब, पांढुर्ण्याहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे आदरणीय विजयजी, व्यासपीठावर बसलेले माझे ज्येष्ठ सहकारी, समोर बसलेले शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी आणि मागे दाराशी उभे असलेले सारेच.

कार्यालयात आपण सगळे हिंदीत बोलतो. आज मला माझ्या भाषेत बोलू द्यावं, अशी अध्यक्षांना विनंती केली होती. साहेबांनी ती लगेच मान्य केली. त्याबद्दल त्यांचे आभार. शाल दिली, श्रीफळ दिलं, माझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलले गेले. माणसाला आपलं एवढं कौतुक ऐकताना कुठे पाहावं ते कळत नाही. मी सारा वेळ पंख्याकडे पाहत होतो.

मी फक्त आभार मानून बसणार होतो. पण आत्ता आमचे प्रफुल्लजी बोलले. ते म्हणाले, “श्रीधर सरांची नाव बुडाली, पण जिद्द बुडाली नाही.” टाळ्या पडल्या. प्रफुल्लजी, तुम्ही प्रेमानं बोललात, हे मला माहीत आहे. पण ती नाव बुडाली नव्हती. आज जातो आहे, तर एवढं सांगून जावं असं वाटतं. दहा मिनिटं द्याल ना?

नव्या मुलांना माहीत नसेल, म्हणून थोडं मागून सांगतो. मी इथे सुतारकाम शिकवायला आलो, तेव्हा वर्गात वीस मुलं असायची. मग पंधरा झाली, मग सात. सात वर्षांपूर्वी प्रवेशासाठी एकही अर्ज आला नाही आणि आपला सुतारकामाचा ट्रेड, म्हणजे तो अभ्यासक्रमच, बंद झाला. ट्रेड बंद झाला तरी माझी नोकरी होती. मी रोज साडेदहाला यायचो, हजेरीपटावर सही करायचो, वर्कशॉपचं कुलूप उघडायचो आणि आत बसायचो. रंध्यांना तेल लावायचो, पटाशांना धार लावायचो. कोणी वापरणार नव्हतं, तरी लावायचो. पाच वाजले की कुलूप. घरी आई होती, केसरबाई. तीही त्याच वर्षी गेली. लग्न माझं राहूनच गेलं होतं. दिवसभरात मी किती शब्द बोललो, हे संध्याकाळी बोटांवर मोजता आलं असतं.

अशात जयश्रीबाई आल्या. त्यांचे वडील वसंतराव साठ वर्षांपूर्वी इकडच्या मॅंगनीजच्या खाणीवर मॅनेजर होते. त्यांना शिडाच्या नावेचं वेड. मुंबईला बांधलेली अठरा फुटांची सागवानी यॉट त्यांनी मालगाडीनं तिगाव स्टेशनपर्यंत आणली होती आणि तिथून बैलगाडीनं सौंसरला. सुट्टीच्या दिवशी ते ती तलावात चालवत. ते गेल्यावर ती यॉट एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामात चाळीस वर्षं पडून राहिली. जयश्रीबाई आता मालवणला राहतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांना वडिलांची ती नाव एकदा समुद्रात पाहायची होती. त्यांनी साहेबांना विचारलं, “इथे कोणी जुन्या पद्धतीचा सुतार आहे का?” साहेब म्हणाले, “एक आहेत. आणि ते मोकळेच आहेत.”

साहेब, त्या शब्दासाठी मी तुमचा ऋणी आहे. मी खरंच मोकळा होतो.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती यॉट आली. ‘चंचल’ तिचं नाव. वर्कशॉपचं दार काढावं लागलं. तळाच्या फळ्या कुजलेल्या, आतल्या फासळ्या मोडलेल्या, डोलकाठीला वाळवी. मी आयुष्यभर दारं, खिडक्या, टेबलं केली. त्यात सगळं काटकोनात असतं. या नावेत एकही काटकोन नव्हता. महिनाभर मी नुसता तिच्याभोवती फिरलो.

मग मला कोणीतरी गुणवंताजींचं नाव सांगितलं. रामाकोन्याजवळ कन्हान नदीवर पूल नव्हता तेव्हा लोक नावेनं उतरायचे. त्या नावा बांधणारे हे शेवटचे. पंचाहत्तरी उलटलेली. मी त्यांना घेऊन आलो. त्यांनी नावेवरून हात फिरवला, वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, “अशी नाव म्या कदी पायली नाही. पण फळी तं फळीच रायते.”

साडेतीन वर्षं आम्ही दोघांनी काम केलं. ते आठवड्यातून दोनदा बसनं यायचे, उरलेले दिवस मी एकटा. लोखंडी पाइपात वाफ कोंडून लाकूड मऊ केलं आणि एकेक फासळी वाकवली. पहिल्या अकरा मोडल्या. तांब्याचे खिळे हातानं ठोकले. तळाच्या फळ्या नव्या सागाच्या घातल्या, डोलकाठी नवी केली. सगळ्यांत अवघड होतं ते फटी भरणं. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाचा पीळ बसवायचा, त्यावर राळ आणि जवसाच्या तेलाचा लेप. कापूस आपल्याकडच्या शेतातलाच. मी जोरानं ठोकत होतो. गुणवंताजींनी माझा हात धरला.

“सर, काय करून राहिले तुमी? कापूस ठोसाचा नसते. निजवाचा असते.”

“घट्ट नाही बसवला तर पाणी येईल ना?”

“येऊ द्या. पयल्या दिवशी पाणी येईनच. फळीले फुगाले जागा पायजे. तुमी जागाच नाही ठेवली, तं फळी फुगून फासळ्या तोडन. नाव पाण्यात ठेवाची, भरू द्याची, आन दोन-तीन दिवस तिच्याकडे ध्यान देऊ नाही. मंग ती सोताच मिटते.”

हे त्यांनी मला एकदा नाही, दहादा सांगितलं. काम संपत आलं तेव्हा त्यांची तब्येत बिघडली आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली.

दोन हिवाळ्यांपूर्वी आपण मोहगावच्या धरणावर जलावतरणाचा कार्यक्रम ठेवला. पत्रिका छापल्या, मंडप टाकला. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो होतो. “साहेब, नाव आधी तीन दिवस पाण्यात ठेवावी लागेल,” असं म्हणालो. साहेब फोनवर होते. त्यांनी मान हलवली. मी ते पुन्हा म्हणायला हवं होतं, मोठ्यानं म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. साहेब, यात दोष माझा आहे, तुमचा नाही. ज्याला माहीत असतं त्यानं बोलावं लागतं.

पुढचं तुम्ही बहुतेकांनी पाहिलंच आहे. नारळ फुटला, फीत कापली, नाव पाण्यात ढकलली. पाच मिनिटं ती सुंदर उभी राहिली. मग सगळ्या फटींतून पाणी आत आलं. अर्ध्या तासात ती कडेपर्यंत भरली आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात बसली. मी सांगत होतो, “हे असंच होतं, हे होणारच होतं.” पण बुडत्या नावेजवळ उभा राहून हे सांगणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवेल? कोणी हसलं नाही, हे मी आवर्जून सांगतो. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “श्रीधरजी, जाऊ द्या. प्रयत्न महत्त्वाचा.” त्यापेक्षा कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. नाश्त्याची पाकिटं वाटली गेली. गाड्या गेल्या. मंडपवाल्यानं मंडप सोडला.

मी तिथेच राहिलो. धरणाच्या चौकीदाराच्या खोलीत चटई टाकली. खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी दुपारी माझाही धीर सुटला होता. बादलीनं पाणी उपसून पाहिलं, परत भरलं. मनात आलं, एक म्हातारा माणूस नदीवरच्या जाड नावांचं सांगत होता. या पातळ फळ्यांचं त्याला काय माहीत? साडेतीन वर्षं मी ऐकत गेलो, कारण माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उपसलं. दीड तास लागला. आत बसलो आणि तळाच्या फळ्यांवर तळहात ठेवला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तळहात कोरडा. एका फटीपाशी तेवढा थेंब धरत होता. दुपारपर्यंत तोही थांबला. मी शीड उभारलं. मला उभारता येत होतं, चालवता येत नव्हतं. वारा भरला, ‘चंचल’ एका कुशीवर कलली आणि चालायला लागली. आपण कितीही लाकूड घडवलं, तरी ते आपल्याला घेऊन असं चालायला लागेल, हे कधी मनात आलं नव्हतं. मी घाबरलो. मग हसलो. किनाऱ्याकडे पाहून हात केला. किनाऱ्यावर कोणी नव्हतं. तरी केला.

परत येऊन जयश्रीबाईंना फोन लावला. त्यांना कोणीतरी बुडत्या नावेचा व्हिडिओ आधीच पाठवला होता. मी म्हणालो, “बाई, ती तरते आहे.” त्यांनी विचारलं, “तिथे तुमच्याबरोबर कोण आहे?” मी म्हणालो, “कोणी नाही.”

दोन दिवसांनी त्यांचा ट्रक आला आणि ‘चंचल’ धरणावरूनच मालवणला गेली. म्हणून ती इथे कोणाला पुन्हा दिसली नाही. माझ्याजवळ फोटो नाही. फोटो काढावा, हे सुचलंच नाही.

मी नागपूरला जाऊन गुणवंताजींना सांगितलं. ते खाटेवर होते. त्यांनी विचारलं, “किती दिवस लागले?”

“तीन.”

“मंग फळ्या तुमी चांगल्या बसवल्या,” ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. त्याच उन्हाळ्यात ते गेले.

मग मी तुम्हाला का सांगितलं नाही? त्या कार्यक्रमानंतरच्या सोमवारी मी स्टाफरूममध्ये आलो तेव्हा सगळे एकदम संत्र्याच्या भावावर बोलायला लागले. मला वाईट वाटू नये म्हणून विषय टाळला जात होता, हे कळत होतं. मला वाटलं, कोणीतरी विचारेल, “सर, पुढे काय झालं त्या नावेचं?” विचारलं की सांगू. आठवडा गेला, वर्ष गेलं. तुम्ही सगळे फार चांगले वागलात. कोणीच विचारलं नाही.

ही तक्रार नाही. निरोपाच्या दिवशी तक्रार करू नये, एवढं मला समजतं. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, हा कार्यक्रम घडवणाऱ्या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. दहा मिनिटं मागितली होती, जास्तच घेतली. गुणवंताजी गेल्यापासून मी कोणाशी एवढं सलग बोललो नव्हतो, त्यामुळे कुठे थांबायचं ते लवकर कळलं नाही. एखादा शब्द कोणाला लागला असेल, तर तो इथेच सोडून द्यावा. मी थांबतो. नमस्कार.