वाकवून धरलेला पाय

पुढचा डावा

डारिया: दोर सैल सोड, मामा. डोकं हलवू दे घोडीला.

ओरेस्ट: ही पोटातून बाहेर आली तेव्हा तिचं डोकं पहिल्यांदा ह्या हातांनी धरलं होतं. आता तू मला दोर धरायला शिकव.

डारिया: शिकवणार. आज मी तुझी भाची नाही. मालिनाला विकत घेणाऱ्या बाईंची डॉक्टर आहे.

ओरेस्ट: बरं, डॉक्टरीणबाई. तो फोन ड्रमावर अर्धा मोडून का ठेवलाय तेवढं सांगा.

डारिया: मोडला नाही, दुमडलाय. असा दुमडला की आपला आपण उभा राहतो आणि शूटिंग करतो, बाईंना पाठवायला.

ओरेस्ट: काच दुमडते?

डारिया: दुमडते.

ओरेस्ट: अल्बर्टातल्या थंडीत?

डारिया: ते कळेल जानेवारीत. सरक, चित्रात येतोयस. मार्लिसबाई, ऐका हं. मी एकेक पाय उचलून मिनिटभर घट्ट दुमडून धरणार. मग सोडायचा आणि लगेच घोडीला दुडक्या चालीने पळवायचं. सांध्यात कुठे दुखत असलं तर पहिल्या काही पावलांत ती लंगडते. हा पुढचा डावा धरलाय.

ओरेस्ट: मला कोणी मिनिटभर असं दुमडलं तर मी नाताळपर्यंत उठणार नाही.

डारिया: हे सगळं त्या बाईंना ऐकू जाणार आहे.

ओरेस्ट: जाऊ दे. मला थोडीच विकत घेतायत त्या.

डारिया: सोडते. बाजूला हो, आणि तिच्या पुढे तू पळायला लागू नकोस, मी

पुढचा उजवा

ओरेस्ट: तुला धाप लागलीय. पुढच्या वेळी मी पळवतो.

डारिया: नवा खुबा बसवलेल्या माणसाने घोडी पळवायची? दवाखान्यातली ती व्यायाम करून घेणारी मुलगी मला फाडून खाईल. काटकोनाच्या पुढे वाकायचं नाही असं बजावलंय ना तिने?

ओरेस्ट: तिचं काय सांगतेस! पहिल्याच दिवशी बाही वर करून दंडाची बेडकी काढून दाखवली तिला. म्हटलं, ह्या वयात असा दंड दाखव कोणाचा.

डारिया: मग?

ओरेस्ट: म्हणाली, छान आहे आजोबा, आता मोजा चढवून दाखवा.

डारिया: मग?

ओरेस्ट: मग काय. बेडकी बसली खाली.

डारिया: हसवू नकोस, पाय सुटेल हातातून.

ओरेस्ट: मोजा एका काठीने चढवतो मी आता. काठीच्या टोकाला चिमटा आहे. बूट दुसऱ्या काठीने. सगळ्याला काठ्या निघाल्यात. खूर साफ करायला मात्र काठी नाही. त्याला वाकावंच लागतं.

डारिया: शेजारच्या पावलोला सांगितलं असतंस.

ओरेस्ट: आयुष्यभर लोकांना सांगत आलो, ज्याला घोड्याचा खूर उचलता येत नाही त्याने घोडं ठेवू नये. आता माझ्यापुरतं वेगळं सांगू? ए, त्या डब्यात सुई कशाला?

डारिया: शेवटी रक्त काढायचंय. एक नळी भरून फ्रीजमध्ये ठेवायची. उद्या काही वाद झाला तर तपासता येतं.

ओरेस्ट: बाईंनी मागितलं?

डारिया: मी सगळ्यांचं काढते.

ओरेस्ट: आपल्या घरातसुद्धा?

डारिया: आपल्या घरात तर आधी. सोडते, बाजूला हो, मी

मागचा उजवा

डारिया: पुढचे दोन्ही पाय कोरे, कुठे लंगडणं नाही. बघ, फोनात दिसतंय, एक पाऊल इकडचं तिकडे नाही.

ओरेस्ट: म्हणजे रक्ताची काही गरज नाही.

डारिया: चल, मागचे. ह्या पायाला तू उगाच नावं ठेवायचास.

ओरेस्ट: ह्याला नाही, ट्रकला. ट्रकचा मागचा उजवा पाटा दबलाय. ट्रेलर जोडला की एका बाजूला असा झुकतो, ख्रिसमसच्या रात्री चर्चमधून निघालेल्या माझ्या बापासारखा. पाटा नवा घालायला हवा. पण आता कोणाला घेऊन कुठे जायचंय?

डारिया: मार्लिसबाईंकडे तूच सोडायला जाशील ना मालिनाला?

ओरेस्ट: सोमवारी त्या म्हाताऱ्यांच्या लॉजमध्ये खोलीचा ताबा घ्यायचाय. नाही घेतला तर यादीतला पुढचा म्हातारा आत घुसतो. आणि सोमवारपर्यंत ही कोणी नेली नाही तर लिलाव. म्हातारी घोडी लिलावात कोण उचलतं ते तुला माहितीय.

डारिया: मांसवाले.

ओरेस्ट: तिच्यासमोर बोलू नकोस.

डारिया: मामा, बाई चांगल्या आहेत रे. मी त्यांच्या तबेल्यात जाऊन आलेय. पोरं येतात तिथे, पाय जन्मापासून आखडलेले, मांड्या एकमेकींत कात्रीसारख्या अडकलेल्या. घोड्यावर बसवतात आणि नुसतं चालवतात. घोड्याची पाठ इकडे जाते, तिकडे जाते, आणि पोराचा खुबा तिच्याबरोबर हलायला लागतो. अर्ध्या तासाने उतरवलं की मांड्या सैल. एकीची आई तिथेच रडत होती, पोरीला इजार घालायला त्या दिवशी झटापट करावी लागली नाही म्हणून.

ओरेस्ट: मलाही बसवा मग.

डारिया: तुला बसवलं तर घोडी आखडेल. सोडते, हं

मागचा डावा

डारिया: हाही कोरा. चल, शेवटचा.

ओरेस्ट: जरा हळू धर. थंडी आहे.

डारिया: आधीच्या तीन पायांच्या वेळी थंडी नव्हती?

ओरेस्ट: आपलं म्हटलं.

डारिया: ये मालिना, दे पाय. दे. अगं... दिलाससुद्धा?

ओरेस्ट: शहाणी झालीय.

डारिया: मामा, हा पाय ती कधी असा देते का? ईस्टरला मी खूर बघायला वाकले तर हाच पाय हिसकून तिने माझी टोपी पार शेणात उडवली. तू हसून हसून कुंपणाला टेकलास.

ओरेस्ट: तेव्हा तिचा मूड नव्हता.

डारिया: दुमडला की कान मागे टाकते. आज बघ. झोपल्यासारखी उभी आहे. ओठ लोंबतोय.

ओरेस्ट: म्हातारी झाली बिचारी. मीही दुपारी लोंबतो.

डारिया: जोरात दाबतेय मी आता. काही नाही. मामा, माझ्याकडे बघ.

ओरेस्ट: मिनिट झालं. सोड की पाय.

डारिया: मिनिट केव्हाच झालं.

ओरेस्ट: मग पळव.

डारिया: नाही पळवणार.

(ती पाय हळूच जमिनीवर टेकवते, ड्रमापाशी जाते आणि फोन मिटवते.)

ओरेस्ट: काय झालं? तीन पाय झाले, एकच राहिला. पळव, बघ, कोरी निघेल.

डारिया: तेच तर. कोरीच निघेल. काय दिलंस तिला?

ओरेस्ट: ओट. मूठभर ओट आणि पाणी.

डारिया: मामा.

ओरेस्ट: आणि सकाळी ती पेस्ट. दुखण्यावरची. तूच ठेवून गेली होतीस गेल्या हिवाळ्यात, तिचा पाय सुजला तेव्हाची. मधाबरोबर चाटवली.

डारिया: किती?

ओरेस्ट: त्यावरचा आकडा वाचायला चष्मा नव्हता. दाबली निम्मी नळी.

डारिया: देवा! पोटाला अल्सर होतो ह्याने. आणि मी? माझ्या सहीवर ती बाई घोडी घेणार होती. माझ्या सहीवर, मामा. ह्या जिल्ह्यात लोक माझं तोंड बघून घोडी घेतात, एकदा खोटं निघालं की संपलं.

ओरेस्ट: तुला कळणार नाही असं वाटलं.

डारिया: ह्याचं मला जास्त वाईट वाटतंय.

ओरेस्ट: मग ओरड. मी उभा आहे. बसायचंसुद्धा मला जमत नाही लवकर, ओरड.

डारिया: ओरडू काय! अरे, नुसती तशीच आणली असतीस ना हिला, तर काय झालं असतं? पाय सोडल्यावर दोन-चार पावलं लंगडली असती. मी लिहिलं असतं, मागच्या डाव्या सांध्यात वयामुळे थोडा ताठरपणा. बस्स. बाईंना दुडकवायची नाहीच आहे तिला! पोरं पाठीवर घेऊन चालायचंय. चालताना हिची पाठ गवतासारखी डुलते, मी बघितलीय.

ओरेस्ट: हे मला कोणी सांगितलं नाही.

डारिया: तू विचारलंस कोणाला? ह्या वयाची घोडी चारही पायांवर कोरी! असं घोडं मी कॉलेजातल्या चित्रात बघितलंय फक्त. कोणीही डॉक्टर चमकला असता.

ओरेस्ट: म्हणजे मी फार चांगलं केलं म्हणून पकडला गेलो.

डारिया: हसू नकोस. तिसऱ्या दिवशी त्या पेस्टचा असर उतरला असता. पाठीवर एक पोर, ज्याला आपलं आपण उतरताही येत नाही. आणि हिला अचानक दुखायला लागलं असतं, ते कशामुळे हे ना हिला कळलं असतं ना बाईंना. बाई आणखी काम करून घेत राहिल्या असत्या.

ओरेस्ट: पोरांचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

डारिया: काय आलं मग?

ओरेस्ट: लिलाव आला. तो मांसवाल्यांचा ट्रक आला. आणि खरं सांगू? दवाखान्यात ती मुलगी माझा पाय वर करते ना, एक कोन मोजते, कागदावर लिहिते, आणि त्या आकड्यावरून मग ठरतं मी एकटा राहू शकतो की नाही. इतका वाकला तर घरी, तितका नाही वाकला तर लॉज. मी दात ओठ खाऊन उचलतो. दुखतं तेवढं दुखू देतो आणि तोंड हसरं ठेवतो. तरी कमीच भरलं. मला वाटलं, निदान हिचं तरी तसं होऊ नये.

डारिया: तूही गोळी घेऊन जातोस तिच्याकडे?

ओरेस्ट: दोन.

डारिया: काय माणूस आहेस तू.

चारही जमिनीवर

डारिया: आता मी काय करायचं ते ऐक. आज रक्तही नाही आणि सहीही नाही. ही पेस्ट रक्तातून पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं, आणि मग पहिल्यापासून सगळं पुन्हा. दोन आठवडे धर.

ओरेस्ट: आणि खोली?

डारिया: खोली जाईल बहुधा. तोवर हिला बघायला इथे तूच लागशील.

ओरेस्ट: बहुधा नाही, जाईलच. यादीतला पुढचा, त्या हॅना कुझिकचा नवरा, दार धरून उभाच आहे. आणि बाईंनी नको म्हटलं तर खोलीही नाही अन् घोडीही लिलावात.

डारिया: हो. तसंही होऊ शकतं. मी तुला खोटं सांगणार नाही.

ओरेस्ट: तू कधी सांगितलं होतंस?

डारिया: फोन लावते त्यांना. मी सांगेन की औषध दिलेलं आढळलं. कोणी दिलं ते मी...

ओरेस्ट: दे इकडे.

डारिया: मामा, मी बोलते नीट.

ओरेस्ट: दे म्हणतो ना. हा उघडायचा कसा? असा? मोडला बिडला तर?

डारिया: मोडत नाही. लागलाय, बोल.

ओरेस्ट: हॅलो. मार्लिसबाई? मी ओरेस्ट पालामार, घोडीचा मालक. हो, डारिया इथेच आहे, बरी आहे, जरा रागावलीय. बाई, ते शूटिंग तुम्ही पाहू नका. ते खरं नाही. मी घोडीला सकाळी दुखण्यावरचं औषध चाटवलं. मी. तिला ठाऊक नव्हतं, तिने पकडलं. ... हो. ... हो, मागचा डावा. ... नाही, चालताना नाही. दुडकताना, आणि तेही पाय दुमडून धरल्यावर. ... का म्हणजे? घाबरलो, बाई. ... तुमचा राग बरोबर आहे. माझ्या भाचीचाही आहे. ... पोरांचं तिने सांगितलं मला, मघाशी. आधी कळलं असतं तर... नाही, आधी कळलं असतं तरी कदाचित केलं असतं. आता नाही करणार.

डारिया: काय म्हणतायत?

ओरेस्ट: थांब. ... काय म्हणालात? पुन्हा बघायला याल? स्वतः? ... या. यायच्या आधी काही ठरवू नका, पण या. बटाटा भरलेली पिरोही उकडून ठेवतो, डारियाच्या आईसारखी नाही होत, पण होते. ... नाही बाई, आत्ता मी काहीच सांगू शकत नाही. आत्ता तिला कुठे दुखतंय ते तिलाही कळत नाही.

डारिया: विचार, कधी येणार.

ओरेस्ट: पेस्ट उतरली की फोन करतो. ... हो, लंगडली तर लंगडली म्हणून सांगेन. ... ठेवतो मग.

डारिया: रागावल्यात?

ओरेस्ट: रागावल्यात. येणार म्हणाल्या.

डारिया: खोलीचं लॉजवाल्यांना तू कळवतोस की मी कळवू?

ओरेस्ट: मी कळवतो. पण आधी जरा इकडे ये. तिचा हा खूर सकाळपासून चिखलाने भरलाय. तू उचल, मी दिवा धरतो.