पाठीतली चिठ्ठी

संस्थेच्या माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो आहोत ते आपले बाइंडर काका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, माझे सहकारी आणि वाचकहो,

ग्रंथपाल या नात्यानं गेल्या नऊ वर्षांत मी याच माइकवरून सात जणांना निरोप दिला. सातही वेळा भाषण एकच होतं, माणूस तेवढा बदलला. हसू नका, तुमच्यापैकी दोघांनी मला हे तोंडावर सांगितलंय. आजही तसंच लिहून आणलं होतं. ते पर्समध्येच राहू द्यावं म्हणते.

काकांचं खरं नाव इथं किती जणांना ठाऊक असेल? आपल्याकडे ते ‘वाळू द्या काका’. पुस्तक कधी मिळेल, असं विश्वस्तांनी विचारलेलं असो की शाळेतल्या पोरीनं, उत्तर एकच: “वाळू द्या.” तळघराच्या खिडकीशी ते लांब टेबल, खळीचं भांडं, कानावर पेन्सिल. एकतीस वर्षं त्या टेबलाशी ते उभे राहिले. खुर्ची होती, पण तिच्यावर नेहमी कुठलंतरी पुस्तक वाळत असायचं.

बावीस वर्षांपूर्वी त्या टेबलावर एक पुस्तक आलं. एका जर्मन कवीनं ख्रिस्ताच्या मरणावर आणि पुनरुत्थानावर लिहिलेलं महाकाव्य, त्याचं दोनशे वर्षांपूर्वी छापलेलं भाषांतर. एका वृद्ध धर्मगुरूंनी ते आपल्याला भेट दिलं होतं. तपकिरी कातडं, पाठ सुटलेली, कोपरे उंदरांनी चाखलेले. मी तेव्हा नोंदणी विभागात नवी होते, सत्तावीस वर्षांची, आणि शहाणपण अंगात मावत नव्हतं. अशा पुस्तकाची नोंद करताना पान न् पान मोजायचं असतं. मी काय केलं? पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं. शेवटच्या पानावर ‘समाप्त’ छापलेलं होतं. मी नोंदीत लिहिलं, ‘पूर्ण’, खाली झोकात सही ठोकली आणि पुस्तक काकांकडे धाडलं.

काकांनी ते उसवलं. सोळा सोळा पानांच्या घड्या, ज्यांना ते फर्मे म्हणतात, ओळीनं टेबलावर मांडल्या. त्या वाळेपर्यंत ते वाचतही बसायचे, म्हणजे उभे राहायचे. एक दिवस मी खाली गेले तर म्हणाले, “बाई, यात एक देवदूत आहे. सैतानाच्या नादी लागून पडला, आणि आता त्याला पस्तावा होतोय. त्याला माफी मिळते का हो शेवटी?”

मी त्या पुस्तकाची एक ओळही वाचली नव्हती. पण नव्या माणसाला ‘माहीत नाही’ म्हणणं किती जड जातं! मी म्हटलं, वाचा की पुढे. ते म्हणाले, “पुढची पानंच तर...” आणि त्यांचं बोलणं अर्धं टाकून मी जिना चढले. मला मीटिंग होती. कसली होती, ते आज आठवतही नाही.

आठ महिन्यांनी एक पाहुणे अभ्यासक आले, पुस्तक चाळता चाळता थांबले. दोनशे बहात्तरनंतर एकदम दोनशे एकोणनव्वद. सोळा पानं नाहीत. तेव्हाच्या अध्यक्षांनी सगळ्यांना बोलावलं. नोंदीत ‘पूर्ण’ आणि खाली माझी सही. तेव्हा दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर मी मोजलं नव्हतं, नाहीतर पानं बांधणीत हरवली. मला विचारलं गेलं. मी म्हणाले, “माझ्याकडून गेलं तेव्हा पूर्ण होतं.”

हे वाक्य मी आज मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, कारण त्या दिवशी ते मी अगदी हळू म्हणाले होते.

काका म्हणाले, माझ्याकडे आली तेवढी पानं मी शिवली. ते कोणी कानावर घेतलं नाही. त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला: निष्काळजीपणामुळे दुर्मिळ ग्रंथाची पानं गहाळ. विभागप्रमुखपद हातातोंडाशी आलं होतं, ते गेलं. अकरा वर्षं त्यांना जुन्या पुस्तकांना हात लावू दिला नाही. या गावात ज्यांच्याइतकं ते काम कोणाला येत नव्हतं, ते मासिकांचे गठ्ठे शिवत राहिले. आणि मी? मी बढत्या घेत वर आले. रोज सकाळी विचारायचे, काका, कसं काय? ते म्हणायचे, बरं आहे, बाई.

मग आजच हे का, असं तुम्ही विचाराल. गेल्या महिन्यात त्या पुस्तकाची पाठ पुन्हा सैल झाली. काकांच्याच हाताखाली शिकलेल्या आपल्या नव्या विभागप्रमुखांनी कातडं उचललं, तर आत एक चिठ्ठी चिकटवलेली. काकांची ही सवय आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. पुस्तक कसं आलं होतं ते लिहून ते पाठीच्या आत ठेवतात, पुढे कधी ते उघडणाऱ्या बाइंडरसाठी. पेन्सिलीनं लिहिलं होतं, “आलं तेव्हा अठरा फर्मे. शेवटून दुसरा नाही. जुन्या शिवणीतही त्याचा दोरा नाही. बाईंना सांगायचं आहे.” खाली तारीख, चौकशीच्या सात महिने आधीची.

चिठ्ठी घेऊन मी तळघरात गेले. विचारलं, चौकशीच्या दिवशीच पाठ उघडून का नाही दाखवलीत? ते म्हणाले, “माझ्या एका शेऱ्यासाठी चांगली शिवलेली पाठ फोडायची? बरं दिसतं का ते?” मला रडू आवरेना. मी माफी मागितली. त्यांनी खळ ढवळायला घेतली. मग म्हणाले, “वाळू द्या, बाई. त्या देवदूताचं काय झालं, तेवढं सांगा.”

बावीस वर्षांनीही मला उत्तर माहीत नव्हतं. एवढं सगळं ज्या पानांवरून झालं, ती मी कुठूनही मिळवून वाचली नव्हती. याची लाज मला त्या सहीपेक्षा जास्त वाटली.

अध्यक्षबाई, माझा लेखी कबुलीजबाब आज सकाळी आपल्या टेबलावर ठेवला आहे. काकांची सेवा संध्याकाळी पाचला संपते. त्याआधी तो शेरा त्यांच्या सेवापुस्तकातून काढून माझ्या सेवापुस्तकात लिहावा, ही विनंती. काकू, काकांनी तुम्हाला यातलं काही सांगितलं नाही, असं ते म्हणाले. ते मी सांगायला हवं होतं, आणि फार आधी.

आपण सर्वांनी मध्येच न उठता ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. सात वेळा मी ती तोंडदेखली पाळली. आज जे चुकलं ते बोलण्याच्या ओघात चुकलेलं नाही.

काका, या पाकिटात ती सोळा पानं आहेत. दुसऱ्या एका ग्रंथालयानं त्यांच्या प्रतीवरून छायाप्रती पाठवल्या. परवा दार लावून मी सगळी वाचली, आणि या वेळी मोजलीही. त्या देवदूताला माफी मिळते, काका. सगळ्यांच्या देखत मिळते.

माझ्या माफीची घाई नाही. ती वाळू द्या.