आतल्या खोलीतला वीर

(लढाईच्या स्मारकातली छोटी कचेरी. दार लोटलेलं.)

दादा : हळू बोल. बाहेर माणसं उभी आहेत. आत्ताच त्यांना पुलावरची लढाई सांगून आलोय.

धाकटी : तू आधी बस. आई, तूही बस.

आई : बस, बस काय लावलंयस? डॉक्टरसारखी बोलू नकोस माझ्याशी.

धाकटी : मी डॉक्टरच आहे, आई.

आई : हो, मेलेल्यांच्या हाडांची.

धाकटी : त्या हाडांचंच सांगतेय. वीराच्या बायकोचं घर आहे ना मागं, त्याच्या आतल्या खोलीची फरशी काढली, तेव्हा खाली सांगाडा निघाला...

दादा : तिच्याकडच्या कुणा गड्याचा. स्मारकाच्या समितीनं तशी पाटीसुद्धा रंगवायला टाकलीय.

धाकटी : डाव्या हाताला सहा बोटं आहेत, दादा.

दादा : काय?

धाकटी : सहा. मी पुन्हा पुन्हा मोजली.

दादा : पुतळ्याला आहेत तशी? छे! अगं, तो पुलावर पडला. सगळं गाव पार होईपर्यंत एकटा उभा राहिला, छातीवर भाले झेलले, आणि नदीनं त्याला पोटात घेतलं. शाळेच्या पुस्तकात आहे हे!

धाकटी : छातीवर एक ओरखडा नाही. मांडी मोडलेली आहे, आणि ते हाड सांधून आलंय. वाकडं, पण पक्कं. म्हणजे कुणीतरी ते बांधलं, त्याला निजवून ठेवलं, खाऊपिऊ घातलं. दात पार झिजलेत, पाठीचे मणके झिजलेत. दादा, तो म्हातारा होऊन मेला.

आई : कुठं?

धाकटी : तिथंच. तिच्या घरात.

दादा : थांब, थांब. सहा बोटांचा माणूस काय जगात एकच असतो?

धाकटी : मलाही हेच वाटलं. म्हणून तर आईच्या गालाला आतून कापूस फिरवून नेला होता. त्याचा निकाल आज आला. तो माणूस आपला पूर्वज आहे. रक्ताचा.

आई : म्हणजे लढाईनंतर तिला जी मुलगी झाली, जिच्या वंशातले आपण...

धाकटी : ती त्याचीच. तिच्या नवऱ्याचीच.

दादा : आई? आई, पाणी देऊ?

आई : नको. माझ्या आजीला या स्मारकाच्या पायरीवरून उठवलं होतं रे. वीराच्या बायकोनं मागाहून तोंड काळं केलं, त्याची ही पिलावळ, म्हणून. मला वर्गात कुणी शेजारी बसू द्यायचं नाही. आणि तू इथं उभा राहून रोज सांगतोस, तिनं उरलेला जन्म एकटीनं काढला. मुलीचं नावसुद्धा नाही!

दादा : समिती देते तेवढंच बोलावं लागतं गं. पण आता बघ, ती स्वच्छ ठरली ना! सगळ्यांची तोंडं बंद होतील.

धाकटी : होतील? वीर घरात लपून बसला होता, हे खपेल लोकांना?

दादा : लपला काय म्हणतेस! वाहत गेला असेल, कुठंतरी काठाला लागला असेल. तिनं शोधून घरी आणला असेल. बरा होईस्तोवर त्याच्यावर गाणी रचून झाली होती. त्याच्या मरणाचं ऐकून हरलेली फौज पुन्हा उभी राहिली. मग हा लंगडत बाहेर आला असता, तर लोक काय म्हणाले असते?

आई : तिला काय काय म्हणाले, ठाऊक आहे तुला?

दादा : आई, तसं नाही...

आई : दारावर चिखल फेकायचे. मुलीला विहिरीवर पाय ठेवू द्यायचे नाहीत. आणि शिव्या तर विचारू नकोस. काय गं, ती आतली खोली दारापासून लांब आहे?

धाकटी : नाही. मध्ये नुसती फळ्यांची भिंत आहे.

आई : मग सगळं ऐकू येत असेल त्याला.

धाकटी : येत असेल.

दादा : अगं, पण तो काय करणार होता? तिनंच त्याला बाहेर येऊ दिलं नसेल!

आई : नसेल दिलं. मीही दिलं नसतं.

धाकटी : मग?

आई : त्यानं उठायला तरी हवं होतं.