गोटाडीतली मोकळी जागा

ऐका. शेकोटीत आणखी चार पऱ्हाट्या टाका आणि जवळ सरका. पाहुणे, तुम्ही उठू नका. मोटारसायकल बंद पडली, उशीर झाला, मान्य. पण मघाशी आबाजीने तुम्हाला जवळची वाट सांगितली ना, गोटाडीवरून? आधी ही गोष्ट ऐका, मग जायचं तर जा.

आबाजी, तुम्हीही ऐका. बसा तुमच्या त्या दगडावर, रोज बसता तसे. गोटाडीची गोष्ट आम्ही तुमच्याच तोंडून ऐकत मोठे झालो. उलट्या पायांची बाई, हातात कंदील, अमकं नि ढमकं. सगळं खोटं. तिथं बाई नाही. तिथं जे आहे त्याचे पाय सरळ आहेत. चार आहेत.

मला हे धुरपताने सांगितलं. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी धुरपता. छिन्नी-हातोडी घेऊन दारोदार फिरते. सतरा वर्षं झाली, आपल्या गावात पाऊल ठेवत नाही. आयाबायांनो, तुमचे पाटे काचेसारखे गुळगुळीत झालेत ते उगाच नाही. मी तिला सावनेरच्या बाजारात गाठलं. काहून येत नाही म्हणून विचारलं. तिने विचारलं, तू कोणाचा? मी आबाजीचं नाव सांगितलं. ती गाठोडं उचलून चालायला लागली. अर्धा बाजार तिच्या मागे फिरलो, तेव्हा बोलली.

तर ऐका. हिवाळाच होता. धुरपताचं पाल नाल्यापलीकडे पडलं होतं. पालात सात महिन्यांचं लेकरू, थोरल्या पोरीच्या हवाली. दिवसभर तिने गावात टाकी लावली. दिवस कलताना शामराव ठवकरांनी तिला अंगणात बोलावलं. धुण्याचा दगड गुळगुळीत झालाय, पाय घसरतो, म्हणाले. कमरेएवढा धोंडा, आडवा टाकलेला. तिने वरून टाकी लावली. मग दोन गड्यांनी पहार लावून दगड कलता केला, की दुसऱ्या अंगालाही लाव. आणि तिचा हात थांबला.

खाली खळगे होते. बोराएवढे, गोल, दोन ओळीत, शेजारी शेजारी. मुद्दाम पाडलेले. तिने हात फिरवला. टाकी ओळखणं तिचा धंदा. हे काम हजारो वर्षांपूर्वीचं, हे तिच्या बोटांना कळलं. हा कुठला दगड, तिने विचारलं. नदीतला, ठवकर म्हणाले. तिने पुन्हा छिन्नी उचलली. काम उरकलं. ठवकरांनी धान्य द्यायला पार अंधार पाडला. मग स्वतः फाटकापर्यंत आले. या माणसाने कधी मजुराला ओसरीपर्यंत सोडलं नाही, आणि टाकीवालीला फाटकापर्यंत.

"सडकेनं काहून जातं, बाई? लेकरू उपाशी असन. गोटाडीवरून जाय. सोपी वाट हाय."

पाहुणे, गोटाडी म्हणजे काय ते सांगतो. माळावर धोंड्यांचं रिंगण आहे. प्रत्येक धोंडा कमरेएवढा, खांद्याला खांदा लावून बसवलेला, मधे बोट जाणार नाही. पलीकडच्या टेकडीवर असलंच एक रिंगण सरकारी लोकांनी खोदलं, तेव्हा मी रोजाने माती उपसली. आधी मुरूम नि गोटे. खाली काळी माती, लांबून आणून ठोकलेली, कारण त्या माळावर काळी माती नाहीच. तिच्याखाली माणूस. मडकी, लोखंडाची कुऱ्हाड. आणि माणसाशेजारी घोडा, तोंडावर तांब्याचे दागिने. साहेबाला विचारलं, एवढा खटाटोप कशाला? म्हणाला, मेलेल्याच्या आठवणीसाठी. मी धुरपताला तेच सांगितलं. ती हसली नाही.

"आठवणीले एक गोटा पुरते, बापू. खांद्याले खांदा लावून कोणी आठवण ठेवते काय? ते कुंपण हाय. अन् हरेक गोट्यावरचा हात येगळा. घरटी एक गोटा. घरटी एक राखणदार."

कळलं? आत जे पुरलं त्याने बाहेर येऊ नये म्हणून प्रत्येक घराने आपला एक राखणदार उभा केला. आणि आमच्या थोरामोठ्यांनी काय केलं? एका रात्री बैलगाडी नेली आणि त्यातले दोन राखणदार उचलून आणले. एकावर धुणं धुतलं. दुसऱ्याचं नंतर सांगतो.

रिंगणाला दोन माणसं मावतील एवढी फट पडली. दगडांना ती फट चालत नाही. अंधारात जो जाईल त्याला ते फटीत उभा करतात. आधी एक काकणवाला गेला. मग एक म्हशींचा दलाल. दोघंही सकाळी सापडले. उभे. घोट्यापर्यंत जमिनीत, डोळे उघडे. मेला माणूस उभा कसा राहतो, हे कोणी विचारलं नाही. पाहुणे, तेव्हापासून गावाचा रिवाज आहे. आपल्या पोरांना भुताची भीती घालायची आणि परक्याला जवळची वाट सांगायची. परका उभा राहिला की काही वर्षं आतलं आतच राहतं आणि गावाला झोप लागते.

धुरपता निघाली. चांदणं नव्हतं. माळावर आली आणि मागून आवाज आला. टक्. टक्. टक्. छिन्नीचा. तिची छिन्नी तर गाठोड्यात होती. तिने गाठोडं दाबून धरलं. टक्. टक्. आता पुढून. मग उजवीकडून. मग चारी बाजूंनी, जणू वीस जण बसून खळगे पाडताहेत.

ती पळाली. नाल्याच्या दिशेने पळाली, पालातला दिवा दिसत होता. दिवा जवळ आला, आणखी जवळ आला, आणि विझला. समोर गोटाडी. ती वळली. पुन्हा पळाली. पुन्हा दिवा, पुन्हा गोटाडी. तिसऱ्या खेपेला ती पळालीच नाही, तरी गोटाडी समोर होती.

मग लेकरू रडलं. रिंगणाच्या आतून. तिचंच लेकरू. आईला रडणं ओळखू येतं. तिच्या चोळीला दूध फुटलं. डोकं सांगत होतं की पोर पालात आहे, पण अंग ऐकेना. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणि ती फटीत उभी होती.

रडणं थांबलं.

पाय उचलायला गेली. उचलेना. पाय गार पडले होते. घोट्यापासून पोटऱ्या, पोटऱ्यांपासून गुडघे, गारवा वर चढत होता. तिने हाताने पोटरी दाबली. बोट रुतलं नाही. दगड. दोन्ही बाजूंचे धोंडे तिच्या खांद्यांकडे सरकत होते, इंच इंच, घासत. आणि तिच्या पाठीमागे, रिंगणात, काळ्या मातीत काहीतरी उठून उभं राहिलं. तिने वळून बघितलं नाही. तांब्याची खुळखुळ ऐकू आली. मग फुरफुर. मग मानेवर श्वास. थंड, ओल्या मातीच्या वासाचा. चार पाय एकेक करून पुढे येत होते. त्यावर कोणीतरी बसलं होतं.

माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतो. धुरपता म्हणाली, तिला देव आठवलाच नाही. दगड आठवला. तिने डाव्या बाजूच्या धोंड्यावर हात ठेवला. तेच खळगे, दोन ओळीत. मग ती धोंड्याशी बोलली, गिऱ्हाइकाशी बोलावं तशी.

"मले धरू नोको. मी तुमच्या गावची नाही. तुमचा गोटा शामराव ठवकराच्या अंगणात पडला हाय. विहिरीपाशी. आजच माह्या हातानं टाकी लावली त्याले. त्याले घेऊन या. माह्यं लेकरू भुकं हाय."

टक्टक् बंद पडली. मानेवरचा श्वास थांबला. आणि डावा पाय सुटला. मग उजवा. गाठोडं, धान्य, चपला, सगळं तिथंच टाकून ती रांगत निघाली. पालात पोचली तेव्हा तिच्या गुडघ्यांची सालटं निघाली होती. पोराला छातीशी धरलं, पण सकाळपर्यंत तिचं दूध गार येत होतं.

सकाळी ठवकरांच्या अंगणात धुण्याचा दगड नव्हता. ना चाकोरी, ना ओढल्याची खूण. दगड गोटाडीत, आपल्या जागी. आणि ठवकर खाटेवर. पाय उचलेना. लोक म्हणाले, अंगावरून वारं गेलं. नऊ वर्षं पडून होते. आबाजी, तुम्ही रोज त्यांना भेटायला जात होतात. पायांना हात लावून बघितलात कधी? मी बघितला होता. लहान होतो. बोट रुतलं नव्हतं.

तर पाहुणे, तुम्ही माझ्याकडे झोपा. सकाळी सडकेने जा. गोटाडीची वाट धरू नका, कोणी कितीही प्रेमाने सांगितली तरी. प्रेमाने सांगितली तर मुळीच नाही. एका दगडाची फट तिथं अजून आहे.

दुसरा दगड कुठे, विचारता? त्या रात्री बैलगाडी माझ्या आजोबांची, म्हणजे या आबाजीचीच होती. लहानपणी शेकोटीपाशी गोट्या खेळताना माझी गोटी आबाजीच्या या दगडाखाली गेली होती. मी खालून हात घातला. खळगे आहेत. दोन ओळीत. तेव्हा मला कळलं नाही. धुरपताने कळवलं.

काल दिवस बुडताना मी गोटाडीवर गेलो होतो. आत गेलो नाही. कडेच्या धोंड्यावर हात ठेवला आणि पत्ता सांगून आलो.

आता गप्प बसा सगळे. ऐका.

टक्. टक्.

आबाजी, जरा उठून दाखवा बरं.