अळणी सहा महिने

आरोग्य केंद्राच्या रांगेत माझ्या पुढे एक सासू आणि तिची सून उभ्या होत्या.

"सगळ्यांना मेली एकच खिडकी! गुडघेवाले, खोकलेवाले, सगळे एका रांगेत. माझ्या गोळ्या मिळणार कधी?"

"एकच आहे तेच बरं, आई. आधी छातीच्या रोगाची खोली मागे वेगळी होती. त्या दारात कोण उभं आहे, ते सगळा रस्ता बघायचा."

"तुला काय त्याचं? तू तर बीपीवाली."

"हो, म्हणजे… आता गोळ्या बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिने पूर्ण झाले, रिपोर्ट स्वच्छ आहे."

"बीपी बरं झालं? माझं बारा वर्षांत हललं नाही गं!"

"हसू नका. उद्यापासून भाजीत मीठ घाला. अळणी खाऊन जीव विटलाय."

"तुझा एकटीचा? तुझे सासरे मीठदाणी उशाखाली घेऊन झोपायचे."

"मग कशाला केलंत तसं?"

"तू बीपी म्हणालीस ना? मीठ घातलं असतं, तर तुझ्या जावेला शंका आली असती."

"कसली शंका?"

"बीपीची गोळी मी एक घेते. तू न्हाणीघराचं दार लावून चार-चार गिळायचीस. पहिल्याच महिन्यात मी याच रांगेत उभी राहिले आणि माझ्याही छातीचा फोटो काढून घेतला. काही निघालं नाही."

"आई, म्हणजे तुम्हाला…"

"सरक पुढे, नंबर आला. आणि डोळे पूस. टीबी होता, गेला."